फेरफार कोठे अडला?

सर्व्हरवर चालणाऱ्या वेब-अनुप्रयोगाच्या कोडमध्ये दुरुस्ती करावी, फाइल जतन करावी, पान ताजे करून पाहावे, आणि समोर जुनाच मजकूर, जुनीच बेरीज, जुनीच चूक तशीच्या तशी उभी असावी, हा प्रसंग या व्यवसायात इतका नित्याचा आहे की त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. प्रयोजन असे की, अशा वेळी जे उपाय सर्रास योजले जातात, म्हणजे ब्राउझरचा इतिहास पुसणे, सर्व्हर रीस्टार्ट करणे, हाताला लागेल ती कॅश रिकामी करणे, ते पुष्कळदा लागू पडतात; आणि लागू पडतात म्हणूनच तपास तेथेच थांबतो, तक्रार कारणाविना निकालात निघते, आणि पुढच्या खेपेस, बहुधा ग्राहकाच्या सर्व्हरवर आणि बहुधा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, तीच फिर्याद पुन्हा दाखल होते.

वस्तुतः या प्रकारात गूढ असे काही नाही. आपण लिहिलेली फाइल आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर उमटलेले पान यांच्या दरम्यान मध्यस्थांची एक साखळी असते, आणि त्यांतला प्रत्येक मध्यस्थ, वेळ वाचावा या निर्मळ हेतूने, मूळ वस्तूची एक प्रत स्वतःजवळ राखून ठेवतो. जमिनीचा व्यवहार होऊन तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत नवे नाव चढले, तरी पेटीत जपून ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या सातबारा उताऱ्यावर जुनाच खातेदार दिसणार. तो उतारा बनावट नसतो, केवळ फेरफारापूर्वीचा असतो. जुने पान दाखवणारा सर्व्हरही खोटे बोलत नसतो. तेव्हा बदल का दिसत नाही, या प्रश्नाने डोके शिणवण्याआधी, आपल्याला मिळालेले उत्तर कोणी दिले आणि कोणत्या प्रतीवरून दिले, एवढे निश्चित करावे. हे एकदा ठरले म्हणजे उरलेले काम कारकुनी स्वरूपाचे राहते.

हे निश्चित करण्याचा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निःसंदिग्ध मार्ग म्हणजे आपली फाइल मुद्दाम मोडणे. ज्या फाइलमध्ये आपण बदल केला आहे असे आपण समजतो, तिच्या आरंभीच भाषेच्या व्याकरणात बसणार नाही अशी एक ढोबळ चूक घालावी, प्रोसेस दीर्घकाळ चालणारी असेल तर, तिच्या प्रारंभाची आणि फाइलच्या मूळ फेरफाराची वेळ आधी टिपून घेऊन, ती एकवार रीस्टार्ट करावी, आणि पान उघडावे. पान कोसळले तर फाइल वाचली जात आहे, आणि चूक काढून टाकल्यावरही जुनेच दिसत असेल तर दोष आपल्या तर्कात आहे असे समजावे. एखादी अट पुरीच होत नसेल, किंवा त्याच नावाचे दुसरे फंक्शन आपल्या फंक्शनाला झाकून टाकत असेल. उलटपक्षी, एवढी चूक पोटात घेऊनही पान निर्विकारपणे उघडले, तर आपण ज्या फाइलवर घाम गाळला तिचा या पानाशी तूर्त काहीएक संबंध नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध झाले. हा प्रयोग अर्थातच स्वतःच्या यंत्रावर करावयाचा. जेथे लोकांचा व्यवहार चालू आहे त्या सर्व्हरवर त्याऐवजी कायमची एक सोय करून ठेवावी: प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये, चालू असलेल्या कोडचा गिटमधील कमिटचा आखूड क्रमांक जावा. ही एक ओळ लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. तिच्या अभावी किती माणसांनी किती रात्री जागून काढल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

फाइलचा संबंध नाही असे ठरल्यावर पहिला संशय स्थळाचा घ्यावा. एकाच अनुप्रयोगाच्या दोन प्रती सर्व्हरवर नांदत असणे हे जुन्या, अनेक हातांतून गेलेल्या कामांत अगदी साधारण आहे. एक घरच्या फोल्डरमध्ये, दुसरी वेब-सर्व्हरच्या मुळाशी, आणि कोणीतरी घाईने केलेली तिसरी ‘बॅकअप’ या नावाने. वेब-सर्व्हर यांपैकी कोणत्या फोल्डरला मूळ मानतो हे सेटिंगच्या एखाद्याच फाइलवरून ठरवू नये, कारण त्या फाइली एकमेकींना सामावून घेतात. एन्जिनएक्सला कॅपिटल ‘टी’चा पर्याय देऊन चालवले असता तो सामावून घेतलेल्या फाइलींसह आपली सगळी सेटिंग्ज सलग छापून देतो, आणि अपाचेच्या नियंत्रक आज्ञेला कॅपिटल ‘एस’ दिला असता कोणते डोमेन कोणत्या नोंदीकडे जाते याची यादी मिळते. पीएचपीमध्ये चालू फाइलचा पूर्ण पत्ता छापणारा स्थिरांक आहे, आणि पायथनमध्ये प्रत्येक मॉड्यूल स्वतःचा पत्ता स्वतःजवळ बाळगते. तो छापून पाहिला की अनेकदा असे आढळते की आपण दुरुस्त करीत होतो ती प्रत प्रकल्पाच्या फोल्डरमधली, आणि चालत होती ती पूर्वी केव्हातरी पिपने साइट-पॅकेजेसमध्ये बसवलेली. याच सदरात साध्या गोष्टीही मोडतात: संपादकात फाइल जतनच झालेली नसणे, एफटीपीने ती भलत्याच फोल्डरात चढणे, सर्व्हरवरचे गिट दुसऱ्याच शाखेवर असणे, किंवा तेथे कोणीतरी हाताने केलेल्या फेरबदलांमुळे ‘पुल’ अर्ध्यावर नाकारला जाणे आणि तो नकार कोणी वाचलेला नसणे. दोन्ही ठिकाणच्या फाइलींचे चेकसम काढून ताडले की हा वाद मिटतो.

स्थळ बरोबर निघाले म्हणजे काळाकडे वळावे. येथे सर्व्हरवरील भाषांचे दोन निराळे स्वभाव ध्यानात घेतल्याविना गत्यंतर नाही. पीएचपीचा मूळ स्वभाव प्रत्येक विनंतीगणिक फाइल नव्याने वाचण्याचा. पायथन, जावा आणि नोड यांचा स्वभाव प्रोसेस सुरू होताना कोड एकदा स्मृतीत घेऊन पुढे तिच्यावरच निर्वाह करण्याचा. या दुसऱ्या कुळात डिस्कवरची फाइल बदलली तरी चालू प्रोसेसला त्याची दखल घेण्याचे कारणच नसते. म्हणून रीस्टार्टची आज्ञा देण्यापूर्वी ‘पीएस’ या आज्ञेने प्रोसेसचा प्रारंभ केव्हा झाला ती तारीख-वेळ काढावी आणि फाइलच्या शेवटच्या फेरफाराच्या वेळेशी ताडून पाहावी. प्रोसेस मंगळवारची आणि फाइल गुरुवारची असेल तर आणखी साक्षीदार तपासण्याची गरज नाही. रीस्टार्ट केल्यावर हा पुरावा नाहीसा होतो, म्हणूनच तो आधी टिपून घ्यावा असा माझा आग्रह आहे.

रीस्टार्ट केला असे वाटणे आणि तो प्रत्यक्ष झालेला असणे यांतही अंतर असते. नवी प्रोसेस उभी राहू पाहते, तिला हवा तो पोर्ट जुन्या, कोणाच्याही देखरेखीत न उरलेल्या प्रोसेसने अडवून धरलेला असतो, नवी प्रोसेस तक्रार लॉगमध्ये नोंदवून निमूटपणे मरते, आणि जुनी पूर्वीप्रमाणे उत्तरे देत राहते. पोर्ट कोणाच्या कबजात आहे हे ‘एसएस’ किंवा ‘एलएसओएफ’ या आज्ञांनी उघड होते. गनिकॉर्न वापरणाऱ्यांनी आणखी एक खुबी ओळखून असावे: त्याला हँगअपचा सिग्नल दिला असता तो नवे वर्कर उभे करतो आणि ते नवा कोड वाचतात खरे, परंतु ‘प्रीलोड’चा पर्याय लावलेला असेल तर कोड मुख्य प्रोसेसने आधीच वाचून ठेवलेला असतो आणि नवे वर्कर तोच जुना वारसा घेऊन जन्मास येतात. तेथे संपूर्ण रीस्टार्टच हवा.

पीएचपीच्या बाबतीत वर सांगितलेला मूळ स्वभाव २०१३ पासून तितका शुद्ध राहिलेला नाही. त्या वर्षी आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून ऑपकॅश हा विस्तार भाषेबरोबरच मिळू लागला; तो फाइलचे भाषांतरित रूप सामायिक स्मृतीत ठेवतो आणि मूळ फाइल बदलली आहे काय याची चौकशी नेमाने, साधारणपणे दर २ सेकंदांनी, करतो. या २ सेकंदांच्या आत पान दोनदा ताजे करणाऱ्या उतावळ्यांना जुना मजकूर दिसतो आणि ते गोंधळतात. पण हा गोंधळ क्षणिक होय. खरा घोळ तेव्हा होतो, जेव्हा वेग वाढावा म्हणून कोणी ही चौकशीच, म्हणजे ‘व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स’ ही सेटिंग, बंद केलेली असते. मग फाइल कितीही वेळा बदला, पीएचपी-एफपीएम रीलोड होईपर्यंत किंवा कॅश स्पष्टपणे रिकामी करीपर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. चालत्या सर्व्हरवर ही सेटिंग बंद ठेवण्यास माझा विरोध नाही, ती बंद असणेच योग्य. मात्र त्यासोबत डिप्लॉयच्या क्रमात एफपीएमचे रीलोड अनिवार्यपणे लिहिलेले हवे. आणि टर्मिनलवरून पीएचपी चालवून कॅश रिकामी करण्याचा जो उपाय पुष्कळ लोक मोठ्या विश्वासाने करतात, तो निष्फळ आहे, कारण टर्मिनलवरची पीएचपी आणि एफपीएममधली पीएचपी यांच्या स्मृती संपूर्ण विभक्त असतात. एकीने आपली पाटी पुसल्याने दुसरीची पाटी कोरी होत नाही.

यातच एक सूक्ष्म प्रकार सिमलिंकांचा आहे. प्रत्येक नवी आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून ‘करंट’ नावाचा एक सिमलिंक नव्या फोल्डरकडे वळवणे ही डिप्लॉयची एक प्रशस्त पद्धत आहे. परंतु सिमलिंकाचा खरा पत्ता कोणता, हे पीएचपी सामान्यतः १२० सेकंद स्मरणात ठेवते. तेव्हा दुवा वळवल्यावरही काही काळ काही विनंत्या जुन्या फोल्डरातून, काही नव्यातून भागवल्या जातात, आणि पाहणाऱ्यास भ्रम झाल्यासारखे वाटते. यावर चांगला तोडगा असा की एन्जिनएक्सने पीएचपीला दुव्याचा पत्ता न देता ‘रिअलपाथ रूट’ या चलातून उलगडलेला खरा पत्ता द्यावा. मग प्रत्येक आवृत्तीचा पत्ताच निराळा असल्याने जुन्या स्मृतीचा उपसर्ग पोहोचत नाही.

स्वतःच्या यंत्रावर काम करताना फाइल बदलताच प्रोसेस आपोआप पुन्हा सुरू व्हावी अशी योजना जँगोच्या विकास-सर्व्हरमध्ये, नोडमॉनमध्ये, आणि १८.११ पासून खुद्द नोडच्या ‘वॉच’ पर्यायात आहे. ही योजना मुकाट्याने बंद पडली असेल तर पहारेकऱ्याला वार्ताच पोहोचत नाही असे समजावे. लिनक्सवर असे बरेच पहारेकरी इनोटिफाय या यंत्रणेवर विसंबतात, आणि व्हर्च्युअलबॉक्सचे सामायिक फोल्डर किंवा नेटवर्कवरची डिस्क यांमध्ये पलीकडच्या यंत्रावर झालेल्या बदलाची वर्दी अलीकडे येत नाही. तेथे ठरावीक अंतराने फाइली तपासण्याचा, म्हणजे पोलिंगचा, पर्याय निवडावा लागतो. त्याच व्हर्च्युअलबॉक्सच्या सामायिक फोल्डरातून सीएसएस किंवा प्रतिमा पुरवताना ‘सेंडफाइल’ चालू असेल तर जुनी किंवा अर्धवट फाइल जाते, हा दोषही प्रसिद्ध आहे. ती सेटिंग बंद करावी.

मूळ कोडपासून सिद्ध होणाऱ्या दुय्यम वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. जँगोमध्ये डीबग बंद असता टेम्पलेट एकदाच वाचून ठेवली जातात. लाराव्हेलमध्ये सेटिंग्जची कॅश केलेली असेल तर ‘एन्व्ह’ फाइल वाचलीच जात नाही, मग तिच्यात कितीही लिहा. टॉमकॅट जेएसपीचे रूपांतर करून ते ‘वर्क’ फोल्डरात ठेवतो. येथे विशेष जपण्याजोगी गोष्ट मागे फिरण्याची आहे: लाराव्हेलची ब्लेड टेम्पलेट ‘मूळ फाइल रूपांतरित फाइलीहून जुनी आहे ना’ एवढेच पाहतात, तेव्हा नवी आवृत्ती फसली म्हणून जुनी फाइल तिच्या जुन्या तारखेसह परत ठेवली, तर रूपांतरित फाइल अधिक ताजी ठरते आणि फसलेला मजकूरच पडद्यावर कायम राहतो.

डॉकरमुळे या जुन्या रोगाला नवे अंग फुटले आहे. इमेज बांधताना कोड तिच्या पोटात नकलून घेतला जातो; त्यानंतर बाहेर केलेला फेरफार आत जात नाही, आणि कंटेनर रीस्टार्ट केल्याने तोच जुना कोड पुन्हा नव्या उत्साहाने सुरू होतो. कंपोझला ‘अप’ म्हटले तरी इमेज आधीच अस्तित्वात असेल तर तो ती पुन्हा बांधत नाही. ‘बिल्ड’ असे स्पष्ट सांगावे लागते. कुबरनेटीसमध्ये तर एखाद्या आवृत्तीचे नाव तेच ठेवून तिच्याखाली नवी इमेज चढवली, तर ज्या यंत्रावर त्या नावाची इमेज आधीच आहे ते नवी मागवण्याचे कष्ट घेत नाही, कारण ‘लेटेस्ट’खेरीज अन्य नावांबाबत नियम तसाच आहे, म्हणून एकदा दिलेले नाव पुन्हा वापरू नये हे पथ्य. आणि कंटेनरमध्ये संपूर्ण फोल्डर न जोडता एकच फाइल जोडली असेल, तर आणखी एक विचित्र अनुभव येतो: अनेक संपादक जतन करताना जुन्या फाइलीच्या जागी नवी फाइल आणून ठेवतात, जोडणी मात्र जुन्या फाइलीशीच राहते, आणि बाहेर नवा मजकूर, आत जुना, असा द्वैताचा प्रकार उद्भवतो. फोल्डर जोडल्याने तो टळतो.

जेथे लोड बॅलन्सरामागे अनेक सर्व्हर असतात तेथे लक्षण असे दिसते की पान कधी नवे, कधी जुने. या लक्षणाला हसण्यावारी नेऊ नये. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवा कोड आठांपैकी सात सर्व्हरांवर पोहोचला आणि आठव्यावर राहून गेला. त्या आठव्यावर बऱ्याच वर्षांपूर्वी वापरातून गेलेला ‘पॉवर पेग’ नावाचा कोड अजून वास करून होता, आणि नव्या कोडसाठी पुन्हा वापरलेल्या जुन्या संकेताने तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. तेथील शेअर बाजाराच्या नियामकाने २०१३ च्या ऑक्टोबरात काढलेल्या आदेशात दोन गोष्टी नमूद आहेत, त्या आपल्या कामाच्या आहेत. पहिली ही की, डिप्लॉय झाल्यावर दुसऱ्या कोणा तंत्रज्ञाने ते ताडून पाहिले नव्हते. दुसरी अधिक बोधक: संकट चालू असताना उपाय म्हणून सात सर्व्हरांवरचा बरोबर असलेला नवा कोडच काढून टाकण्यात आला, आणि त्यामुळे संकट वाढले. उत्तर कोणत्या सर्व्हरने दिले हे ठाऊक नसताना केलेला उपाय कोठवर नेतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. वर सुचवलेल्या हेडरमध्ये कमिटच्या क्रमांकासोबत सर्व्हरचे नावही घालावे, ते याचसाठी.

आता सर्व्हरच्या बाहेरचा मुलूख. येथे ब्राउझरवर विसंबून निर्णय करू नये. ‘कर्ल’ ही आज्ञा घेऊन प्रथम सर्व्हरवरच बसून स्थानिक पत्त्यावर तेच पान मागावे आणि मग तेच बाहेरून सार्वजनिक पत्त्यावर मागावे. आत नवे आणि बाहेर जुने असेल तर दोष मधल्या सीडीएनचा किंवा प्रॉक्सीचा. उत्तरात ‘एज’ हा हेडर आढळला तर ती प्रत किती सेकंद पडून आहे तेही कळते. कर्लला दोन्हीकडे नवे आणि ब्राउझरला मात्र जुने, असे असेल तर ब्राउझरची कॅश, किंवा पूर्वी केव्हातरी बसवलेला आणि विस्मृतीत गेलेला सर्व्हिस वर्कर. वर्डप्रेससारख्या ठिकाणी पान-कॅशचे प्लगइन लॉगिन केलेल्या माणसाला बहुधा ताजे पान देते आणि पाहुण्याला साठवलेले, त्यामुळे मालकाला बदल दिसतो आणि गिऱ्हाईक तक्रार करीत राहते; खाजगी खिडकीतून पाहिल्यास हा भेद लगेच उकलतो.

हेडरांविषयी एक गैरसमज इतका रूढ आहे की तो येथे दूर करणे भाग आहे. ‘नो-कॅश’ याचा अर्थ साठवू नका असा नाही. साठवा, पण वापरण्यापूर्वी मूळ सर्व्हरला विचारा, असा आहे. मुळीच साठवू नये यासाठी ‘नो-स्टोअर’ आहे. आणि दोन्हींपैकी काहीच न लिहिणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे: मुदत लिहिलेली नसली तर कॅशला स्वतःच्या अंदाजाने मुदत ठरवण्याची मुभा आहे, आणि शेवटच्या फेरफारापासून लोटलेल्या काळाचा दहावा हिस्सा हे त्याचे रूढ प्रमाण, २०२२ च्या आरएफसी ९१११ मध्येही ते उल्लेखिले आहे. वर्षभर न बदललेली फाइल या हिशेबाने महिनाभराहून अधिक काळ ताजी मानली जाऊ शकते. म्हणून एचटीएमएल पानांना ‘नो-कॅश’ स्पष्ट लिहावे, आणि जावास्क्रिप्ट व सीएसएस फाइलींच्या नावातच मजकुरावरून काढलेला हॅश घालून त्यांना दीर्घ मुदत द्यावी. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून मनास येईल तो आकडा जोडण्याची जी सवय आहे, ती मला पसंत नाही. तो आकडा बदलण्याची आठवण माणसाने ठेवावयाची असते, आणि माणूस ती ठेवीत नाही.

सरतेशेवटी, पान सर्वत्र नवे दिसू लागले तरी पडद्याआड काम करणारे वर्कर राहून जातात, आणि त्यांचे जुनेपण पानावर दिसत नाही. ते दिसते गिऱ्हाइकाला गेलेल्या ईमेलमध्ये किंवा रात्री निघालेल्या पीडीएफ पावतीमध्ये. सेलरीचे वर्कर आणि लाराव्हेलचे रांग-वर्कर हे दीर्घायुषी असल्याने कोडची जुनी प्रत घेऊन बसतात. लाराव्हेलची रांग पुन्हा सुरू करण्याची आज्ञा वर्करला हातातले काम पुरे करून निघून जाण्यास सांगते, पण त्याच्या जागी नवा उभा करण्याचे काम सुपरव्हायझरसारख्या रखवालदाराचे असते. तो नेमलेला नसेल तर रांग तशीच तुंबून राहते. शिवाय रांगेत आधीच पडून असलेली कामे जुन्या वर्गाच्या नावाने लिहिलेली असतात. त्या वर्गाचे नाव बदलावयाचे असल्यास जुने नाव, रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत, नव्या वर्गाकडे बोट दाखवीत कोडमध्ये जिवंत ठेवावे, आणि ते काढून टाकण्याचे काम पुढच्या डिप्लॉयच्या यादीत आजच लिहून ठेवावे.